कोरा रुपया

उन्हाळा आवडतो असं कुणी म्हणालं की मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहते. आंबे आवडतात म्हणा, शाळेला सुट्टी असते ती आवडते म्हणा, कबूल. पण उन्हाळा? चैत्र लागतो, दुपारी रस्ता ओस पडतो, निंबाच्या मोहराचा तो गोडसर कडू वास खिडकीतून आत येतो आणि मी उठून खिडकी लावून घेते. कोल्हार सुटून किती वर्षं झाली, नगरला घर झालं, केस पिकले, नातवंडं माझ्याहून उंच झाली. तरी निंब मोहरला की मी दोन दिवस धड कुणाशी बोलत नाही. घरातले हसतात. आजीचा चैत्र लागला म्हणतात. हसू देत.

माझा चैत्र एकच. राणी बंद झाली तो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सरकारनं राणीछाप रुपया बंद करायचं ठरवलं आणि गावात दवंडी फिरली. आता रुपया बंद होतो म्हणजे काय, हेच कुणाच्या डोक्यात शिरेना. दुकान बंद होतं, शाळा बंद होते. रुपया कसा बंद होईल? चांदी ती चांदी. गाव पारावर जमून एकमेकांची तोंडं बघत बसलं. आमच्याकडे सारवायला सारजा यायची, पाथर्डीकडची. तिकडे पाऊस दगा देत राहिला म्हणून नवराबायको इकडे आले होते आणि प्रवरेच्या वाळूत खरबुजाची वाडी राखत होते. ती शेणाचा हात तसाच धरून मला विचारते, "वैनी, राणीला कोंडून घातली का वो?" राणी मरून जमाना झाला असं मी सांगितलं तर ती खालीच बसली. "मंग मेलेल्या बाईला बंद कशापायी करत्यात?"

मग गाडगी निघायला लागली. चुलीमागून, गोठ्यातून, भिंतीतून. ज्याच्या घरात उद्याची भाकरी नाही असं आम्ही समजत होतो त्याच्याही जमिनीतून काळे पडलेले रुपये निघाले आणि शेजारीपाजारी आ वासून राहिले. बदलीत नवे रुपये मिळाले तो आणखी एक धक्का. त्यात निम्मी चांदी आणि निम्मं काय ते देव जाणे. सासूबाईंनी एक घेतला, उंबऱ्याच्या दगडावर टाकला. बद्द वाजला. पुन्हा टाकला. मग तो माझ्या हातात देत म्हणाल्या, "हा आजारी आहे गं."

आमच्या घरात ही उलथापालथ जरा जास्तच झाली, कारण आमचे हे. कालव्याच्या कचेरीत कारकून. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, तमाशाची वाट ठाऊक नाही. नाद एकच, जुनी नाणी जमवायची आणि त्यांची प्रत लावायची. त्या चैत्रात त्यांचं नशीबच फळफळलं. लोक आपण होऊन रुपये घेऊन ओट्यावर यायचे. भाऊसाहेब, बघा बरं, खरा हाय का खोटा. हे डोळ्याला भिंग लावून बसायचे. त्यातला एखादा मनात भरला की त्याच्या जागी चलनातला रुपया द्यायचे आणि तो ठेवून घ्यायचे. समोरच्याला वाटायचं, भाऊसाहेबाला ऊन लागलं. मलाही तेच वाटायचं, पण बायकोला तसं बोलता येत नाही.

मी चहा द्यायला गेले की ते मला शिकवायचे. रुपयाच्या तोंडावर बोट ठेवायचं नाही, कडेला धरायचा. आधी राणीचा गाल बघायचा. गाल सगळ्यांत वर आलेला, म्हणून झिजतो आधी तोच. मग कानाजवळचे केस, मग मुकुटावरचे मणी, मग झग्यावरची फुलं. पाकळ्या सुट्या दिसल्या की त्यांचा चेहरा असा खुलायचा, तसा माझ्या डोहाळेजेवणातसुद्धा खुलला नव्हता. काळा पडलेला रुपया त्यांना चालायचा, उलट त्या काळेपणावर निळी जांभळी झाक असली तर जास्तच आवडायचा. पण घासलेला रुपया नको. सासूबाईंनी एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाला म्हणून त्यांचे चार रुपये चिंच आणि राखेनं घासून लखलखीत केले होते. त्या दिवशी हे फराळाला उठलेच नाहीत.

प्रती त्यांनी स्वतःच ठरवल्या होत्या. कोरा, बरा, चालता आणि गेला. कोरा म्हणजे टांकसाळीतून निघाला तो कुणाच्या व्यवहारात पडलाच नाही. बरा म्हणजे पडला पण सांभाळला गेला. चालता आपणा सगळ्यांसारखा. आणि "गेला" हे ते इतक्या हळू आवाजात म्हणायचे की घरात सुतक आल्यासारखं वाटायचं. त्यांच्यामुळे ही भाषा मलाही लागली. लुगडं बरं, भाजी चालती, घरमालकाचा स्वभाव गेला.

त्यातला कोरा हा शब्द मात्र आमच्या घरात आधीपासून होता आणि तो सासूबाईंचा होता. कोरं लुगडं, कोरं मडकं, कोरं फडकं. देवाच्या कामाला वापरलेलं चालत नाही, त्याला कोरं लागतं. मायलेक दोघं दिवसातून दहा वेळा हा शब्द उच्चारायचे आणि दोघांच्या मनात दोन निरनिराळ्या वस्तू असायच्या. एका घरात राहून इतकी वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

ह्यांच्याजवळ खऱ्या अर्थानं कोरं असं एकच होतं. कालव्यावरचा एक साहेब विलायतेला परत जाताना त्यांना देऊन गेला होता. चामड्याची छोटी पेटी, आत निळी मखमल, मखमलीत चार खळगे आणि त्यांत राणीछाप रुपया, आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली. ती नाणी बाजारासाठी नव्हतीच. टांकसाळीनं बड्या लोकांना नमुना म्हणून दाखवायला मुद्दाम पाडलेली. ठसा घासूनपुसून, दोनदा दाबून. ह्यांच्या बोलण्यात तो प्रूफ सेट. पेटी उघडली की राणीच्या मागची मोकळी जागा आरशासारखी चमकायची आणि आपलं नाक त्यात दिसायचं. लग्नानंतर किती तरी दिवसांनी त्यांनी मला ती दाखवली. माझा श्वास त्यावर पडू नये म्हणून पदर तोंडावर धरायला लावला. मी मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलीस.

आणि मग कुसुम आजारी पडली.

कुसुम आमची थोरली. बोबडं बोलणं नुकतंच सुटत होतं, दिवसभर अंगणात सारजाच्या मागे मागे. आधी वाटलं ऊन बाधलं. मग ताप चढला तो उतरेचना. राहात्याहून डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि म्हणाले, मुदतीचा ताप आहे. त्या काळी मुदतीच्या तापाला औषध नव्हतं. मुदत भरेपर्यंत वाट बघायची, पोटात घन काही द्यायचं नाही, कपाळावर गार पट्ट्या ठेवायच्या. डॉक्टर हात धुताना म्हणाले, पोर नाजूक आहे, मनाची तयारी असू द्या. कसली तयारी? मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते. तांब्या रिता झाला तरी तसाच वाकडा धरून होते.

त्या दिवसांची आठवण म्हणजे नुसते वास आणि आवाज. ओल्या फडक्याचा आंबूस वास. बाहेर शेजारणी कुरडया घालत होत्या, त्यांच्या शिजल्या चिकाचा वास. नदीकडून खरबुजाच्या गाड्या जायच्या, त्यांची चाकं करकरायची. आणि ओट्यावर खण्णकन रुपया वाजायचा, कारण लोकांचं येणं थांबलं नव्हतं. पहिल्या दिवशी ह्यांनी उठून सगळ्यांना परत पाठवलं. मग मीच म्हटलं, बसा तुम्ही, इथे माझ्यासमोर येरझाऱ्या घालू नका. ते बसायचे, पण भिंग डोळ्याला लावून तासन्‌तास एकच रुपया बघायचे. तो कोणत्या प्रतीचा हे विचारलं तर सांगता यायचं नाही.

एका दुपारी सारजा दारात येऊन बसली. सासूबाई आत जपमाळ घेऊन होत्या, हे जेवायला आलेले. ती म्हणाली, "आजी, आमच्याकडं यवढ्या तापाला उतारा काढत्यात. हाळदीच्या फडक्यात भात, लिंबू आन चांदी. पोरीवरनं ओवाळायचं आन वाहत्या पान्यात सोडायचं. मागं वळून बघायचं न्हाई."

सासूबाईंनी विचारलं, "चांदी कसली?"

"रुपाया. पन कोरा लागतो. दहा हातांतनं फिरल्याला चालत न्हाई. आन जो कुनी तो पान्यातनं उचलंल, त्याच्या अंगावर ताप जातो. म्हून खोल पान्यात टाकायचं."

हे पानावर बसले होते, हसले. कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "तापाला काय पाय असतात काय सारजे?" सारजा बिचारी खाली बघून निघून गेली.

त्याच संध्याकाळी सासूबाई ह्यांच्याजवळ येऊन बसल्या. त्या कधी नाण्यांची चौकशी करायच्या नाहीत. त्यांनी विचारलं, "वसंता, तू कोरा कोरा म्हणतोस, म्हणजे अगदी कुणाच्याही हाताला न लागलेला?" ह्यांचा चेहरा उजळला. आईनं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं होतं. पोरीच्या आजारपणात बुडालेला माणूस, त्याला कुणीतरी त्याच्या आवडीचं बोलायला दिलं. ते उठून पेटी घेऊन आले. मी कुसुमच्या कपाळावरची पट्टी बदलत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. हे सांगत होते, नवा रुपया भेसळीचा, राणीचा रुपया सरकारनं बंद केलेला आणि हजार हातांनी मळलेला. पण हे बघ आई. हे बाजारात गेलंच नाही. यावर माणसाचं बोट पडलं नाही. याहून कोरं जगात नाही.

सासूबाई पदर तोंडाला धरून बघत होत्या. म्हणाल्या, "सुंदर आहे रे." मला बरं वाटलं. देवाशप्पथ सांगते, मला बरं वाटलं, की चला, एवढ्या वाईट दिवसांत मायलेक दोन शब्द गोड बोलली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी पिवळ्या फडक्यातलं काहीतरी कुसुमवरून उतरवलं. मला वाटलं मीठमोहऱ्या असतील. त्या सारजाबरोबर नदीवर जाऊन आल्या, पाय धुतले, देवापुढे बसल्या. मी काही विचारलं नाही. त्या दिवसांत कुणी झाडाला फेऱ्या घाल म्हटलं असतं तर मीही घातल्या असत्या.

कुसुमचा ताप उतरला. मुदत भरली म्हणून उतरला, की प्रवरेनं ऐकलं म्हणून, यावर मी पुष्कळ विचार केला आणि आता विचार करणं सोडून दिलंय. माझी धाकटी सून डॉक्टर आहे. ती म्हणते, आई, मुदतीचा ताप तसाच असतो. असेल. पण तुझी पोर तशी पडलेली असताना तू हातात पिवळं फडकं घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीला अडवलं असतंस का, असं विचारलं की ती चहा टाकायला उठते.

सकाळी कुसुमनं डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई, भूक." मी रडले, सासूबाई रडल्या. हे बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. मग म्हणाले, तिला गंमत दाखवतो, तिचं नाक दाखवतो रुपयात. आणि पेटी आणून तिच्यासमोर उघडली.

चार रिकामे खळगे. निळी मखमल, बाकी काही नाही.

त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. राग नव्हता, दुःखसुद्धा नव्हतं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं, तसा. त्यांनी पेटी उलटी करून पाहिली, अंथरूण चाचपलं. मी चोरी झाली म्हणणार इतक्यात सासूबाई म्हणाल्या, अगदी सरळ, थोड्या अभिमानानंसुद्धा, "चोरी नाही झाली. मी प्रवरेला दिले, पोरीसाठी चारही. तूच म्हणालास ना, याहून कोरं जगात नाही."

हे जमिनीवर बसले. म्हणाले, "आई, ते कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून बनवले होते."

"म्हणूनच दिले ना," सासूबाई म्हणाल्या.

यात कोण चुकलं होतं ते सांगा. ह्यांनी शब्द सांगितला होता, आईनं तो जसाच्या तसा ऐकला होता. पेजेची वाटी माझ्या हातात होती, पोरगी आ करून बसली होती आणि मला घास भरवायचं सुचत नव्हतं.

हे आईवर ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. नुसते बोलेनासे झाले. हो, नाही, जेवलो, एवढंच. ओट्यावर बसायचे, पण भिंग बाजूला पडलेलं. लोक आले तर म्हणायचे, मला कळत नाही त्यातलं. मी चिडले. एका रात्री वाढताना सुनावलंच, "पोरगी उठून पेज मागते आणि तुम्ही रुपयाचं सुतक धरून बसलात? माणसासारखं माणूस असून असं कसं वागवतं?" ते म्हणाले, "पोरगी उठली म्हणूनच श्वास चालू आहे माझा. पण ते गेले ते गेले. मी खोटं हसू कुठून आणू?" मी ताकात पाणी घालून निघून आले.

दाराआड सासूबाई उभ्या होत्या. त्या अगदी लहान दिसत होत्या. मला विचारलं, "इतकं मोठं होतं का गं ते?" मी म्हटलं, "त्यांना होतं." त्यांनी मान हलवली आणि मागच्या दारानं बाहेर गेल्या. हिशेब त्यांचा चुकला नव्हता, पण त्याची दुसरी बाजू त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसली असावी.

रविवार होता. ऊन चढलेलं. सासूबाई सकाळपासून घरात नव्हत्या, मला वाटलं देवीच्या देवळात बसल्या असतील. हे ओट्यावर होते. कुसुम त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, अजून अशक्त. मी सुपात गहू घेऊन दारात बसले होते. आणि गल्लीच्या टोकाला सासूबाई दिसल्या. लुगडं कमरेपर्यंत चिंब, कोपरापर्यंत वाळू, केस सुटलेले. विधवेचं तांबडं आलवण नेसत नसली, तरी कधी डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई, भर रस्त्यानं उघड्या डोक्यानं येत होती. दहा पावलं मागे सारजा होती. ती आमच्या दारात नेहमी येऊन बसायची, त्या दिवशी मात्र लांब उभी राहिली आणि रडत होती.

सासूबाईंनी पदराची गाठ सोडली आणि ओट्यावर रुपया ठेवला, अधेली ठेवली, पावली ठेवली. म्हणाल्या, "फडकं दगडाला अडकलं होतं. चवली नाही सापडली. वाळूनं जरा खरचटलेत. पण घे, तुझं तुला."

लांबून सारजा बोलली, "म्या नगं म्हनलं वैनी. म्या काढते म्हनलं, तर आजीनं माझा हात धरला. तुझी लेकरं लहान हायेत म्हन्ल्या. माजं काय, झालं माजं, असं म्हन्ल्या."

मी सूप खाली ठेवलं. सासूबाईंना तो नियम पाठ होता. त्या त्याच्यावर देवाइतका विश्वास ठेवत होत्या. जो उचलेल त्याच्यावर ताप जाईल, हे पक्कं ठाऊक असलेली ती बाई पाण्यात उतरली होती, वाळू उपसली होती आणि लेकाच्या ओट्यासमोर तो ताप आपल्या अंगावर घेऊन शांत उभी होती.

ह्यांनी कुसुमला मांडीवरून अलगद बाजूला केलं. तीन नाणी समोर उन्हात पडली होती, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. उठले, खाली उतरले आणि आईच्या कपाळावर तळवा ठेवला.

"अरे, पाण्यातून आलेय मी," सासूबाई म्हणाल्या. "गार आहे बघ अंग."

गारच होतं. ह्यांनी हात काढला, धोतराला पुसला आणि दुसरा तळवा लावून पाहिला.